होम, होम एसएल की प्रो? विंडोज ११चं एडिशन निवडताना

मराठीत एक गोची आहे. 'आवृत्ती' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना वापरतो. पुस्तकाची तिसरी आवृत्ती दुसरीच्या मागून येते. वर्तमानपत्राची पुणे आवृत्ती आणि कोल्हापूर आवृत्ती मात्र एकाच पहाटे निघतात. विंडोजमध्ये या दोन्ही भानगडी एकदमच असतात. २३एच२, २४एच२, २५एच२ ही नावं पुस्तकासारखी, एकामागून एक येणारी. त्यांना व्हर्जन म्हणू. होम, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइज ही वर्तमानपत्रासारखी. त्यांना एडिशन म्हणू. व्हर्जन अपडेटबरोबर फुकटात बदलतं. एडिशन बदलायला पैसे मोजावे लागतात, म्हणून इथे सगळा विचार एडिशनचाच.

सगळ्यात मोठा गैरसमज आधीच निकालात काढतो. प्रो टाकलं की कॉम्प्युटर पळायला लागतो, असं काही नाही. होम आणि प्रोचा गाभा एकच, ड्रायव्हर तेच, आतलं अँटिव्हायरसही तेच. सुरक्षेचे अपडेट दोघांनाही महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. एक्सेल, टॅली, फोटोशॉप यांना आपण कुठल्या एडिशनवर चालतोय याचं सोयरसुतक नसतं. वाडा एकच आहे. होममध्ये चार खोल्यांना कुलूप आहे आणि प्रोमध्ये त्या उघड्या आहेत, एवढाच फरक. त्या खोल्यांत तुम्हाला कधी जायचंय का, हे पाहायचं.

पूर्वी हे प्रकरण फारच वाढलं होतं. २००७च्या व्हिस्टामध्ये स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, एंटरप्राइज, अल्टिमेट अशी सहा एडिशन होती, आणि स्टार्टरमध्ये एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायची मुभा. विंडोज ७च्या स्टार्टरमध्ये तर डेस्कटॉपवरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे! त्या मानाने आजचं होम एडिशन चांगलंच दिलदार आहे.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

१. कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून ठेवून आर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. पहिल्या ओळींत व्हर्जन दिसेल आणि खाली एडिशनचं नाव.

२. तेच सविस्तर हवं असेल तर सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग सगळ्यात खाली अबाउट. तिथे 'एडिशन'समोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून घ्या. 'विंडोज ११ होम' आणि 'विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज' ही दोन वेगळी नावं आहेत. वर 'डिव्हाइस नेम' दिसेल, तेही लिहून ठेवा, पुढे लागेल.

३. त्याच सिस्टिममध्ये ॲक्टिव्हेशन उघडा. 'ॲक्टिव्ह' दिसायला हवं. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे असं तिथे लिहिलेलं असेल तर उत्तम.

४. लायसन्स कुठल्या जातीचं आहे हे दुकानदार सांगत नाही, कॉम्प्युटर सांगतो. पुन्हा विंडोज आणि आर दाबून एस-एल-एम-जी-आर, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि लगेच डी-एल-आय असं टाइप करा. थोड्या वेळाने एक चौकट उघडते. त्यात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द सापडेल.

हा चौथा मुद्दा बहुतेक जण वगळतात आणि नंतर पस्तावतात. ओईएम म्हणजे लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स. ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. लॅपटॉप मोडीत गेला की तेही गेलं. रिटेल म्हणजे सुटं विकत घेतलेलं, जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. व्हॉल्यूम हे कंपन्या, महाविद्यालयं, सरकारी कार्यालयं घाऊक घेतात. घरच्या असेंबल केलेल्या पीसीवर 'व्हॉल्यूम' दिसलं तर कुणीतरी कुठल्या तरी संस्थेची चावी (प्रॉडक्ट की) तुम्हाला लावून दिली आहे, किंवा क्रॅक मारला आहे. खात्री करायची तर तीच आज्ञा द्या, फक्त शेवटच्या डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर टाका. कायमचं ॲक्टिव्हेट असेल तर तसं लिहून येतं. त्याऐवजी पुढची एखादी तारीख आली तर दाल में काला. व्हॉल्यूमचं हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि संस्थेच्या सर्व्हरकडून सतत नवं करून घ्यावं लागतं. तुमच्या घरी तो सर्व्हर कुठून येणार?

अजून विंडोज १० वापरत असाल तर एडिशनचा विचार दुय्यम आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी असेल, प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर ११ फुकट मिळतं. आणि १० होमचं ११ होम होतं, १० प्रोचं ११ प्रो. म्हणजे जुन्या लॅपटॉपवर अस्सल प्रो असेल तर ते वाया जात नाही.

'एसएल' म्हणजे काय, आणि मराठीचं काय?

लॅपटॉपच्या जाहिरातीत 'विन ११ होम एसएल + एमएसओ' अशी ओळ असते. एमएसओ म्हणजे ऑफिस; त्याचा विंडोजच्या एडिशनशी काडीचा संबंध नाही. एसएल म्हणजे सिंगल लँग्वेज. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांत हेच असतं.

नाव ऐकून लोक दचकतात. 'म्हणजे यात मराठी टाइप होणार नाही?' होतं. व्यवस्थित होतं. बंधन फक्त मेनू आणि बटणांच्या भाषेवर आहे. स्टार्ट मेनू, सेटिंग्ज वगैरे एकाच भाषेत राहतात, तुम्ही इंग्रजीवरून मराठीवर किंवा जर्मनवर जाऊ शकत नाही. साध्या होममध्ये आणि प्रोमध्ये ते जमतं. टायपिंगसाठी असं करा: सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, मग ॲड अ लँग्वेज. मराठी निवडा. ती बसली की शेजारच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा आणि ॲड अ कीबोर्डमधून मराठी फोनेटिक घ्या. आता विंडोज आणि स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी आलटूनपालटून. फोनेटिकमध्ये रोमन अक्षरांत 'नमस्कार' टाइप केलं की खाली देवनागरी शब्द सुचवला जातो. इनस्क्रिप्टवर बोटं बसलेल्यांना इनस्क्रिप्टही तिथेच मिळतं.

मराठी जोडण्याचा एक आडफायदा आहे. सरकारी कार्यालयांतून येणाऱ्या वर्ड फाइली पुष्कळदा मंगल फॉन्टमध्ये असतात. हा फॉन्ट विंडोज ११मध्ये मुळात बसवलेला नसतो. देवनागरीच्या जादा फॉन्टसंचात असतो आणि मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की आपोआप उतरतो. नाहीतर दुसराच फॉन्ट लागतो आणि दोन पानांचा अर्ज सव्वादोन पानांचा होतो.

पहिलं कुलूप : दुसरीकडून कॉम्प्युटरमध्ये शिरणं

माझी मामेबहीण करसल्लागार आहे. ऑफिसात डेस्कटॉप, घरी लॅपटॉप, दोन्हीवर होम. जुलैमध्ये रिटर्नची गर्दी सुरू झाली की रात्री घरून ऑफिसचा पीसी चालवायचा, असं तिनं ठरवलं. दुकानदारानं दोन्हीकडे प्रो टाकायला सांगितलं. तिचा फोन आला.

"दादा, दोन लायसन्सचे पैसे भरू का?"

"थांब. कुठे बसणार आणि कुठे शिरणार, ते आधी सांग."

"घरी बसून ऑफिसच्या पीसीत."

"मग एकच घे. ऑफिससाठी."

रिमोट डेस्कटॉपचं गणित एवढंच आहे. ज्या मशीनमध्ये शिरायचं तिथे प्रो लागतं; जिथून शिरायचं तिथे होम चालतं, मोबाइलही चालतो. होममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप असं गेलात तर पान उघडतं, पण होम एडिशनमध्ये ही सोय नाही असं सांगून मोकळं होतं.

पण तेवढं एक तरी घ्यावं का? फुकटात काम होत असेल तर मी प्रो घ्यायला सांगत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवर चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. आई-वडिलांच्या कॉम्प्युटरचं काही अडलं तर विंडोजमधलंच क्विक असिस्ट पुरतं, समोर माणूस बसलेला हवा इतकंच. बहिणीच्या बाबतीत फरक पडला तो पडद्यामुळे. क्रोमवाल्या मार्गानं घरून काम करताना ऑफिसच्या स्क्रीनवर तुम्ही काय करताय ते सगळं दिसत राहतं. झाडू मारायला आलेल्या मावशींनाही दिसतं, उशिरा थांबलेल्या मुलालाही. प्रोच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये तुम्ही आत शिरलात की तिथली स्क्रीन कुलूपबंद होते. लोकांचे पॅन, पगार, बँकेचे आकडे हाताळणाऱ्याला हे मोलाचं आहे. शिवाय घरचा प्रिंटर तिकडच्या फाइलींना लागतो, आणि इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होतं.

तिच्या ऑफिसात जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण बटण चालू करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग होता.

ऑफिसच्या पीसीवर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, बटण चालू. त्याच पानावर पीसीचं नाव दिसतं, ते घेतलं. मग पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' केलं. पीसी झोपला की कुणी कितीही दार ठोठावो, उघडत नाही. तिसरी अडचण पासवर्डची. रोज ती चार आकडी पिन टाकून आत जायची. रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो ती साफ विसरली होती. बिनपासवर्डचं स्थानिक खातं असेल तर तेही बाहेरून आत घेत नाही.

मग विजेचा प्रश्न. रात्री नऊला लाइट गेली, दहाला आली, पीसी बंद तो बंदच. यावर उपाय विंडोजमध्ये नाही, बायोसमध्ये आहे, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये. बऱ्याच डेस्कटॉपांच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचं एक सेटिंग असतं. ते 'पॉवर ऑन' केलं की लाइट आली की मशीन आपसूक उठतं.

शेवटची गोष्ट सुरक्षेची, आणि इथे मी हट्टी आहे. यूट्यूबवर पुष्कळ जण राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, उघडायला सांगतात. उघडू नका. इंटरनेटवर त्या पोर्टाच्या शोधात अहोरात्र फिरणारे प्रोग्रॅम असतात, ते पासवर्ड अंदाजानं मारत बसतात. त्याऐवजी दोन्ही मशीनवर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे दोघांमधला खासगी बोगदा, टाका, म्हणजे बाहेरच्या जगाला तुमचा पीसी दिसतच नाही. व्हीपीएन होमवरही चालतं.

आणखी एक अपेक्षाभंग सांगून ठेवतो. प्रोमध्ये एका वेळी एकच माणूस आत बसू शकतो. ऑफिसात कारकून त्याच पीसीवर टॅली करत असेल आणि तुम्ही घरून शिरलात, तर तो बाहेर फेकला जातो. चार जणांना एकाच मशीनवर एकदम काम करायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याची वेगळी लायसन्सं लागतात. नुसतं फोल्डर शेअर करायचं असेल तर मात्र प्रोही नको; होमच्या परवान्यातच २० मशीनपर्यंत शेअरिंगची मुभा आहे.

दुसरं कुलूप : डिस्कची कुलूपबंदी

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बिटलॉकर म्हणजे चावीशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी विंडोजमधली सोय. 'बिटलॉकर फक्त प्रोमध्ये' हे अर्धसत्य आहे. होममध्ये त्याच तंत्राचा आटोपशीर अवतार असतो, त्याचं नाव डिव्हाइस एन्क्रिप्शन. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केलात की तो न विचारता चालू होऊ शकतो. २४एच२पासून त्याच्या अटी सैल झाल्या, त्यामुळे ताज्या बसवलेल्या विंडोजमध्ये आता पूर्वीपेक्षा जास्त मशीनांवर तो आपोआप लागतो. म्हणजे तुमची डिस्क कुलूपबंद आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही, हे सहज घडतं.

माझ्या बाबतीत घडलं. रात्री अकराच्या सुमारास बायोस अपडेट केलं, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो निळ्या पडद्यावर. ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. लॅपटॉप घेताना घाईत जे ईमेल खातं टाकलं होतं ते मी नंतर कधी उघडलंच नव्हतं. त्याचा पासवर्ड परत मिळवण्यात अर्धा तास गेला, तोवर डोक्यात एकच विचार: बॅकअप शेवटचा कधी घेतला होता?

म्हणून एडिशन कुठलंही असो, आज हे करा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू दिसलं तर ब्राउझरमध्ये आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, डिव्हायसेसमध्ये हा लॅपटॉप शोधा आणि त्याची बिटलॉकर की बघा. कागदावर उतरवा, सोबत की-आयडीची पहिली आठ अक्षरंही. निळा पडदा तीच दाखवतो आणि घरात तीन लॅपटॉप असले की कुठली चावी कशाची ते त्यावरूनच कळतं. कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

प्रोमध्ये यापलीकडे काय मिळतं? पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क कुलूपबंद करता येते: ड्राइव्हवर राइट क्लिक, टर्न ऑन बिटलॉकर, पासवर्ड ठरवा, रिकव्हरी की जपून ठेवा. असा पेन ड्राइव्ह होमवर उघडतो, पासवर्ड टाकून वाचता-लिहिता येतो, फक्त तयार करता येत नाही. लॅपटॉप सुरू होण्याआधीच पिन मागायची सोय प्रोमध्ये लावता येते. आणि बायोस अपडेटच्या आधी 'सस्पेंड प्रोटेक्शन' दाबून कुलूप तात्पुरतं सैल करता येतं, म्हणजे माझ्यासारखी रात्र काढावी लागत नाही.

पेन ड्राइव्हवर ग्राहकांची कागदपत्रं फिरवणारे वकील, सीए, डॉक्टर यांनी या एका कारणासाठी प्रो घेतलं तर मी चूक म्हणणार नाही. घरच्या फोटोंसाठी होमचं कुलूप पुरेसं आहे.

तिसरं कुलूप : कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर

प्रोमध्ये हायपर-व्ही (विंडोजच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय) आणि विंडोज सँडबॉक्स मिळतात. सँडबॉक्स मला मनापासून आवडतं. ईमेलमधून आलेली संशयास्पद फाइल, कुठून तरी उतरवलेला प्रोग्रॅम, आधी तिथे चालवून बघायचा. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. चालू करायला स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा, यादीत खाली विंडोज सँडबॉक्सवर खूण करा, रीस्टार्ट करा. खूण करता येत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. रॅम कागदोपत्री चार जीबी पुरते म्हणतात, पण आठ नसतील तर नादी लागू नका.

शिकणाऱ्या मुलांना मात्र कुणीतरी 'लिनक्स चालवायला प्रो लागतं' असं सांगतं. नाही लागत. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल होमवर चालतं, व्हर्च्युअलबॉक्सही चालतं.

चौथं कुलूप : पुष्कळ मशीन, एक मालक

ग्रुप पॉलिसी, डोमेन, किऑस्क. संगणक वर्गात १५ पीसी आहेत, मुलांनी कंट्रोल पॅनेल उघडू नये, पेन ड्राइव्ह लावू नये, अशी इच्छा असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर हवा आणि तो प्रोमध्येच असतो. वाचनालयात फक्त पुस्तकांची यादी दाखवणारा पीसी ठेवायचा तर किऑस्क: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, सेट अप अ किऑस्क. संस्थेचा सर्व्हर असेल आणि पीसी त्याच्या डोमेनला, म्हणजे त्या सर्व्हरच्या ताब्यातल्या मशीनांच्या गटाला, जोडायचे असतील तर होम बादच. सर्व्हर नसेल तर या शब्दानं घाबरू नका, तुमचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

अपडेट लांबवणं हाही याच खोलीतला प्रकार. होम आणि प्रो दोन्हीत पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. प्रोमध्ये पॉलिसी लावून मोठं, वार्षिक व्हर्जन ३६५ दिवसांपर्यंत आणि मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतं. होमवर ग्रुप पॉलिसी एडिटर 'उघडून देणाऱ्या' फाइली इंटरनेटवर फिरतात. त्या चालवून खिडकी उघडतेही, पण आत लावलेले सगळे नियम होम पाळेलच असं नाही. असल्या जुगाडावर १५ पीसींचा वर्ग चालवू नये.

एक छोटी गोष्ट याच्याशी जोडून: नवं मशीन पहिल्यांदा सुरू करताना होम मायक्रोसॉफ्ट खातं आणि इंटरनेट मागतं. प्रोमध्ये 'सेट अप फॉर वर्क ऑर स्कूल', मग साइन-इन ऑप्शन्स, मग 'डोमेन जॉइन इन्स्टेड' असं गेलं की बिनखात्याचं स्थानिक युजर बनवता येतं. खरंखुरं डोमेन नसलं तरी चालतं.

बाकीची मंडळी, धावत

होमला १२८ जीबी रॅम आणि एक प्रोसेसर चिप इतकी मर्यादा आहे, प्रोला २ टीबी आणि दोन चिपा. तुमचा १६ जीबीचा लॅपटॉप दोन्हींच्या पासंगालाही पुरत नाही, तेव्हा सोडून द्या. प्रो फॉर वर्कस्टेशन्स चार चिपा आणि ६ टीबीपर्यंत जातं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला ते लागत नाही, नाव कितीही भारदस्त असलं तरी.

एंटरप्राइज दुकानात मिळत नाही, कंपनीकडून येतं. त्याला आणि एज्युकेशनला प्रत्येक व्हर्जनचा सपोर्ट ३६ महिने मिळतो, होम-प्रोला २४. महाविद्यालयानं अधिकृत एज्युकेशनची चावी दिली असेल तर विद्यार्थ्यांनी बिनधास्त घ्यावी; प्रोमधलं जवळजवळ सगळं तिच्यात येतं.

युरोपात राहणाऱ्यांसाठी एक इशारा. तिथे नावापुढे 'एन' असलेली एडिशन मिळतात, होम एन, प्रो एन. २००४मध्ये युरोपीय आयोगानं दिलेल्या निकालामुळे त्यांतून मीडिया प्लेअर आणि त्यासोबतचं तंत्र काढलेलं असतं. स्वस्त म्हणून घेतलं आणि व्हिडिओ कॉल किंवा कॅमेरा रुसला, तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक बसवा.

स्वस्त लॅपटॉपवर 'एस मोड' लिहिलेलं असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच प्रोग्रॅम बसतात, टॅली वगैरे विसरा. ॲक्टिव्हेशनच्या पानावरून स्टोअरमध्ये जाऊन यातून फुकट बाहेर पडता येतं, पण परत फिरता येत नाही. परत फिरायची इच्छा झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

होमचं प्रो करताना

पैसे कुठे द्यायचे? मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये होमवरून प्रोवर जाण्याचा भाव पूर्ण प्रोपेक्षा कमी असतो. अमेरिकेतले आकडे अंदाजासाठी घ्या: होम १३९ डॉलर, पूर्ण प्रो १९९.९९, आणि अपग्रेड ९९. म्हणजे होम असलेल्या लॅपटॉपसाठी पूर्ण प्रोचा डबा घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. नवाच लॅपटॉप घेत असाल तर त्याच मॉडेलची प्रोवाली किंमतही विचारा. कधी फरक अपग्रेडहून कमी निघतो.

आणि त्या चारशे-पाचशे रुपयांच्या चाव्या? चालतात, हो. बऱ्याचशा कुठल्या तरी संस्थेच्या घाऊक कोट्यातून फुटलेल्या असतात. संस्थेनं हिशेब तपासला किंवा मायक्रोसॉफ्टनं ती चावी बंद केली की उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'चा शिक्का उमटतो. घरी खेळायच्या पीसीवर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ऑफिसच्या मशीनवर, बिल दाखवावं लागणाऱ्या ठिकाणी, असली चावी घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम:

१. बॅकअप. अपग्रेडमध्ये फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, तरीही बॅकअप.

२. रिकव्हरी की कागदावर आहे ना, ते पुन्हा बघा.

३. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, 'अपग्रेड युवर एडिशन ऑफ विंडोज'. स्टोअरमधून घ्यायचं तर ओपन स्टोअर, हातात चावी असेल तर 'चेंज प्रॉडक्ट की'.

४. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. नवी विंडोज उतरवावी लागत नाही. थोड्या वेळात, रीस्टार्ट होऊन काम संपतं.

५. अबाउटमध्ये 'प्रो' आणि ॲक्टिव्हेशनमध्ये 'ॲक्टिव्ह', दोन्ही दिसायला हवं. नुसतं प्रो दिसून चालत नाही.

होम सिंगल लँग्वेजवरूनही हाच मार्ग, आणि प्रो झालं की भाषेचं बंधनही सुटतं. प्रोवरून पुन्हा होमवर यायचं तर मात्र सरळ रस्ता नाही, सगळं पुसून नव्यानं बसवावं लागतं.

बहिणीनं एकच अपग्रेड घेतलं. पहिली चाचणी ऑफिसातच, त्याच वायफायवर घरचा लॅपटॉप नेऊन केली. तिथे चाललं नसतं तर घरून चालायचा प्रश्नच नव्हता. नंतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून व्हीपीएन लावून पुन्हा. तिसऱ्या दिवशी रात्री फोन: "दादा, शिरता येत नाहीये." कारकून जाताना सवयीनं भिंतीवरचा मेन स्विच बंद करून गेला होता. आता त्या स्विचवर खाकी टेप आहे आणि तिच्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, लिहिलेलं आहे: बंद करू नये.